‘आले नाही’ : १९७१ च्या युद्धात नष्ट झालेले एक सागरी विमान आणि त्याविषयीची वाक्ये

पदव्युत्तर वर्गाच्या भाषांतराच्या तासाला मी एकदा एक लहानसा इंग्रजी परिच्छेद मराठीत आणण्यासाठी दिला होता. विषय होता डिसेंबर १९७१ मध्ये अरबी समुद्रावर नष्ट झालेल्या भारतीय नौदलाच्या एका अलिझे विमानाचा. उत्तरे तपासू लागलो तेव्हा एकाच वाक्याची चार रूपे समोर आली. बहुतेकांनी ‘विमान पाडले गेले’ असे लिहिले होते. काहींनी ‘विमान कोसळले’ असे, तर एका विद्यार्थिनीने ‘विमान बेपत्ता झाले’ असे लिहिले होते. डोंबिवलीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मात्र ‘विमान आले नाही’ एवढेच लिहून पुढचे वाक्य सुरू केले होते. मी त्याचे गुण कापले. पुढे त्याला सहज विचारले असता तो म्हणाला की, त्याचे आजोबा मुंबईच्या नौदल गोदीत कामाला होते, युद्धाच्या त्या दिवसांतही ते डोंबिवलीहून गाडीने जात-येत असत, आणि ही हकिगत घरी निघाली की ते ‘ते विमान आलं नाही’ असेच म्हणत. ‘पडलं’ असे त्यांच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते.

गुण कापण्यात माझी चूक झाली, असे आज मला वाटते. ती चूक कोणती हे सांगावयाचे तर आधी त्या विमानाची हकिगत पाहिली पाहिजे.

१९७१ च्या युद्धात आपली एकमेव विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे ह्या दोन जातींच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार व पूर्व बंगालच्या इतर बंदरांवर आणि तेथील जहाजांवर हल्ले केले. अलिझे विमाने त्यांतील रात्रीच्या कामगिऱ्यांवर विशेषेकरून जात. पश्चिमेकडे युद्धाचे स्वरूप वेगळे होते. ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर पहिला हल्ला चढवला आणि ८ डिसेंबरच्या रात्री दुसरा. तथापि ह्याच समुद्रात पाकिस्तानची ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी फिरत होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर तिने ‘खुकरी’ ह्या आपल्या युद्धनौकेवर पाणतीर सोडला. नौका थोड्याच मिनिटांत बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. त्यानंतर हंगोरचा जो शोध सुरू झाला तो पुढे चार दिवस चालला.

खुकरी बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १० डिसेंबर रोजी, सौराष्ट्राच्या बाजूच्या समुद्रावर कामगिरीसाठी गेलेले एक अलिझे विमान परत आले नाही. विमानात तिघे जण होते : लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन. पाकिस्तानच्या हवाई दलाच्या नोंदीप्रमाणे हे विमान विंग कमांडर आरिफ इक्बाल यांनी एफ-१०४ स्टारफायटर विमानातून पाडले.

घटनेचा गाभा एवढाच आहे. त्याचा अर्थ कळण्यासाठी मात्र अलिझे हे विमान होते तरी कसे, ते ध्यानात घेतले पाहिजे. ‘अलिझे’ हा फ्रेंच शब्द असून आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना व्यापारी वारे म्हणतात त्यांचे ते नाव होय. ब्रेगे कंपनीने बांधलेले हे विमान १९५६ साली प्रथम उडाले. आपल्या नौदलाची ३१० क्रमांकाची तुकडी २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्ये इएर येथे ह्याच विमानांनिशी उभी राहिली. नाकाशी एक पंखा, त्याला फिरवणारे झोतयंत्र, जहाजावर जागा कमी लागावी म्हणून दुमडता येणारे पंख आणि पोटाखाली बाहेर काढता व आत घेता येणारा रडारचा घुमट, अशी त्याची ठेवण होती. एक जण विमान चालवी आणि बाकीचे दोघे उपकरणांवर नजर ठेवीत. पाणबुडीचा संशय आलेल्या जागी ध्वनी टिपणारे तरंगते उपकरण टाकावयाचे, त्याने पाठवलेले आवाज ऐकावयाचे, आणि खात्री पटली म्हणजे पाणतीर किंवा पाण्यात खोलवर फुटणारा बॉम्ब सोडावयाचा, असे त्याचे काम असे. जहाजांवर सोडावयाचे बॉम्ब व अग्निबाणही त्याला नेता येत. गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयात असे एक विमान ठेवलेले आहे. ज्यांना पाहणे शक्य असेल त्यांनी ते अवश्य पाहावे. छायाचित्रात ते वाटते त्याहून अधिक जाड आणि अधिक शांत दिसते.

ह्या रचनेतच त्याची असहायता होती. अलिझेचे सारे लक्ष खाली, पाण्याकडे. त्याचा अधिकात अधिक वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, आणि शोध घेताना तर ते याहूनही सावकाश, पुन्हापुन्हा वळणे घेत जावयाचे. दुसऱ्या विमानाशी लढण्याचे शस्त्र त्याच्याजवळ नव्हते. स्टारफायटरचा वेग ध्वनीच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ताशी २,००० किलोमीटरच्या वर जात असे. पाणबुडी शोधणाऱ्या विमानाबरोबर रक्षणासाठी लढाऊ विमाने असावीत हे युद्धशास्त्राचे साधे गणित आहे. परंतु नौदलाची स्वतःची लढाऊ विमाने विक्रांतवर, दुसऱ्या समुद्रात होती. किनाऱ्यावरून टेहळणी करणारी हवाई दलाची सुपर कॉन्स्टलेशन विमाने पुण्याच्या लोहगाव तळावरील सहाव्या तुकडीची होती. तीही मुळात प्रवासी विमाने, एअर इंडियाकडून आलेली, संथ आणि निःशस्त्र म्हणावीत अशीच. समुद्रावरील टेहळणीचे काम त्या काळी अशा विमानांच्या आणि त्यांतील माणसांच्या धीरावर चालले होते.

आता किनाऱ्यावर काय घडते ते पाहू. खाली उडणाऱ्या विमानाशी बोलण्याच्या नेहमीच्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा गोल आड आला की त्या खुंटतात. विमान ३०० मीटर उंचीवर असेल तर किनाऱ्यावरील यंत्राला त्याचे बोलणे साधारण ७० किलोमीटरपर्यंतच ऐकू येईल. त्यापलीकडे ते अधिक खाली उतरले की मौन. मौन हा अशा कामगिरीतला अपघात नसून नित्याचा भाग असतो, आणि म्हणून मौनावरून काहीच सिद्ध होत नाही. तळावरच्या माणसांजवळ उरते ते एकच प्रमाण : इंधन. अलिझे साधारणपणे पाच तास हवेत राहू शके. विमान केव्हा निघाले हे ठाऊक असते, केव्हा परतावयाचे हे ठरलेले असते, आणि ज्या क्षणानंतर ते हवेत असणे शक्य नाही तो क्षण घड्याळावर मोजून दाखवता येतो. त्या क्षणापर्यंत विमानाला ‘उशीर’ झालेला असतो. तो क्षण उलटला की ते ‘आले नाही’. त्यावेळी आकाशात किंवा समुद्रात काही नवे घडलेले नसते. घडलेले बहुधा पूर्वीच घडून गेलेले असते. बदलते ते तळावरील माणसांच्या ज्ञानाचे रूप.

ह्या बदलाला मराठीत एक स्पष्ट व्याकरणिक खूण आहे, आणि ती आपण रोज वापरतो. डोंबिवली स्थानकावर सकाळी उभे राहणाऱ्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. ‘आठ-दहाची आलेली नाही’ असे म्हणणारा माणूस गाडीची वाट पाहत असतो. रिकाम्या रुळांकडे त्याचे डोळे असतात. ‘आठ-दहाची आली नाही’ असे म्हणणारा आठ-वीसच्या गर्दीत शिरण्याच्या तयारीला लागलेला असतो. पहिल्या वाक्यात वर्तमानाशी जोडलेली, उघडी राहिलेली स्थिती आहे. दुसऱ्यात निषेधाने बंद केलेली घटना आहे. ह्या दुसऱ्या वाक्याला ‘अजून’ हा शब्द जोडला की ते पुन्हा उघडते. ‘अजून आली नाही’ यात आशा शिल्लक आहे, कारण ‘अजून’ हा शब्द अपेक्षेची मुदत वाढवतो. तळावरच्या कोणा माणसाच्या तोंडून तो शब्द गळून पडतो तोच इंधनाच्या हिशेबाने काढलेला क्षण. आजोबांच्या वाक्यात ‘अजून’ नव्हते. त्यांचे वाक्य अपुरे आहे असे मला वाटले, ते मुळात पुरेपूर नेमके होते. आपल्या बाजूला जेवढे ठाऊक होते तेवढेच ते सांगत होते.

बाकीची तीन वाक्ये ह्याच कसोटीवर घासून पाहू. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ ही जोडी मराठीत संस्कृतातील पतति-पातयति ह्यांच्या परंपरेने आलेली आहे. मरणे-मारणे, चरणे-चारणे, तुटणे-तोडणे ही त्याच कुळातली भावंडे. पहिल्या क्रियापदाला कर्ता लागत नाही, घटना आपोआप घडल्यासारखी मांडता येते. दुसऱ्यात कर्ता गृहीतच असतो, मग तो उच्चारलेला असो वा नसो. लेखनात ह्या दोहोंत फरक एका कान्याचा. परंतु समुद्रावरच्या विमानाच्या बाबतीत त्या एका कान्यासाठी साक्षीदार लागतो. यंत्र बिघडून विमान पाण्यात गेले असेल, फार खाली उडताना लाटेला टेकले असेल, किंवा कोणी पाडले असेल. ह्यांतले काय घडले ते पाहिलेला मनुष्य आपल्या बाजूला नव्हता. होता तो पलीकडच्या बाजूला. म्हणजे ‘परतले नाही’ हे वाक्य आपले आणि ‘पाडले’ हे त्यांचे. ती एकाच घटनेविषयी आहेत हे दोन्ही बाजूंचा दिवस आणि जागा जुळवून पाहिल्यावर ठरते, आणि इतिहासकाराचे खरे काम ह्या जुळवणीतच आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ती जुळवणी न करताच शेवटचे वाक्य लिहून टाकले होते. इंग्रजी परिच्छेदाच्या लेखकाने ती आधी केलेली होती हे खरे. पण त्याने ती केली आहे हे भाषांतरात कोठेच दिसत नव्हते.

‘पाडले गेले’ ह्या रूपाविषयी जाता जाता एक शब्द. हा प्रयोग आता इतका रुळला आहे की त्याला हरकत घेणे व्यर्थ होय. तरीही ‘पाडण्यात आले’ किंवा नुसते ‘पाडले’ म्हटल्याने काही उणे पडत नाही, आणि कर्ता ठाऊक असताना त्याला झाकून ठेवण्याचे कारणही दिसत नाही.

कर्त्याविषयी मराठीची एक लकब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ‘इक्बाल यांनी विमान पाडले’ आणि ‘नौदलाने विमान गमावले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत कर्ता तृतीयेत, दोन्हींत क्रियापद ‘विमान’ ह्या नपुंसकलिंगी कर्माप्रमाणे चालणारे; दोन्ही कर्मणी प्रयोग. करणारा आणि सोसणारा ह्यांना आपल्या व्याकरणाने एकाच आसनावर बसवले आहे. ‘गमावले’ मध्ये नौदलाने केले असे काहीच नाही. झाले ते त्याच्या बाबतीत. तरी प्रत्यय तोच. यातून काही तत्त्वज्ञान काढण्याचा मोह मी आवरतो. व्याकरणाच्या लकबींतून लोकांचा स्वभाव काढू पाहणाऱ्यांनी आपल्या शास्त्राचे पूर्वी पुष्कळ नुकसान केले आहे. परंतु भाषांतर करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ‘ने’ हा प्रत्यय दिसला म्हणजे जबाबदारी सापडली असे होत नाही.

हीच वाक्ये दोन दिवसांनी बाजू बदलून बोलली गेली. १२ डिसेंबर रोजी जामनगरच्या हवाई तळाकडे आलेल्या एका पाकिस्तानी स्टारफायटरचा फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ विमानातून पाठलाग केला आणि कच्छच्या आखातावर ते पाडले. त्याचे वैमानिक विंग कमांडर मर्विन मिडलकोट यांनी विमानातून समुद्रात उडी घेतली. पुढे ते सापडले नाहीत. येथे ‘पाडले’ हे वाक्य आपले, आणि ‘आले नाही’ हे पलीकडच्या तळावरचे. दोन दिवसांच्या अंतराने त्या एका सागरपट्ट्यात दोन्ही देशांची माणसे नाहीशी झाली, आणि दोन्ही ठिकाणी अखेरचे दृश्य शत्रूनेच पाहिलेले होते. खुकरीची गोष्ट याहून वेगळी. तिच्यावरून वाचलेले नाविक होते, बरोबर ‘किरपाण’ ही दुसरी नौका होती. आपल्या बाजूचे डोळे तेथे हजर होते. म्हणून खुकरीविषयी आपण ‘बुडवली’ असे म्हणू शकतो. वृत्तपत्रे मात्र अशा वेळी ‘जलसमाधी’ हा शब्द योजतात, तो मला पटत नाही. समाधी ही घ्यावयाची असते. ती दिली गेली असे म्हटले की घेणाऱ्याची इच्छा आणि देणाऱ्याचे कृत्य ही दोन्ही एकदम पुसली जातात.

आता राहिला ‘बेपत्ता’ हा शब्द. त्यातला ‘बे’ हा अभावदर्शक उपसर्ग फारसीतून आलेला. ‘पत्ता’ म्हणजे आज आपण टपालावर लिहितो तो नव्हे, तर माग, खूण. ‘पत्ता लागणे’ ह्या प्रयोगात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ह्या शब्दाची चाल विलक्षण आहे. ‘बेपत्ता झाला’ ही घटना एकदाच घडते, पण त्यापुढे मनुष्य ‘बेपत्ता आहे’ असे वर्तमानकाळातच म्हणावे लागते, आणि त्या वर्तमानकाळाला शेवट नसतो. ‘बेपत्ता होता’ असे तो सापडल्यावरच म्हणता येते. १९७१ च्या युद्धानंतर आपल्याकडील काही कुटुंबे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ह्या वर्तमानकाळात राहिली. त्यांत एक मराठी नाव आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे ५ डिसेंबर १९७१ रोजी सुखोई विमानातून पश्चिम पाकिस्तानातील शोरकोटच्या हवाई तळावर हल्ला करण्यासाठी गेले आणि परतले नाहीत. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे ह्या त्यांच्या पत्नी. युद्धकाळातील एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ अशा रोमन लेखनाचे नाव आले होते. तांबे हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या स्वराची काय गत होते हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पण त्या एका स्वराच्या लेखनावर एका घराची आशा कित्येक वर्षे उभी राहिली. २००७ साली काही कुटुंबियांना पाकिस्तानातील तुरुंग पाहता आले. तेथे कोणी सापडले नाही.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या ठिकाणी पार्वतीबाईंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले असे सर्वांनी मानले, पण पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत, आणि १७८३ साली त्या सौभाग्यचिन्हांसहच गेल्या. मध्यंतरी भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ साली त्याला देहदंड देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. ‘पडले’ आणि ‘आले नाहीत’ ह्या दोन वाक्यांतील अंतर किती रुंद असू शकते, आणि त्या अंतरात कोण कोण येऊन उभे राहू शकते, ह्याचे इतके बोलके उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

हे अंतर कोठेतरी संपवावे लागते, हे समाजानेही जाणले आहे. धर्मशास्त्राने परदेशी गेलेल्या व वार्ता न लागलेल्या मनुष्यासाठी बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा विधी सांगितला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. ज्यांना साहजिकच वार्ता लागावयाची त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो मनुष्य जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असा त्या नियमाचा आशय आहे. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. दोन्ही ठिकाणी शब्दरचना सावध आहे. तो मेला असे कोणी म्हणत नाही; मेला असे धरून चालावे एवढेच म्हणतात. इंधनाच्या हिशेबाने तळावर जे काही तासांत ठरते, ते घरात ठरावयास सात किंवा बारा वर्षे लागतात, आणि पार्वतीबाईंच्या घरी ते कधी ठरलेच नाही.

डोंबिवलीच्या परिसरात ‘नौदल’ आणि ‘विमान’ हे दोन शब्द एकत्र ऐकू येतात ते मात्र निराळ्याच कारणाने. काटईहून बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी लागते; तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ती जागा पुढे नौदलाच्या ताब्यात आली, आणि २०१७ च्या जूनमध्ये तेथील कुंपणाच्या कामावरून मोठे आंदोलन झाले. वर्तमानपत्रे तिला ‘नेवाळी विमानतळ’ म्हणतात; विमान मात्र कोणाला तेथे दिसत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने हसत सांगितले की, आजोबांच्या गोष्टीतले विमान नेवाळीला यावयाचे होते, आणि म्हणूनच ती जागा रिकामी राहिली, असे लहानपणी त्याला वाटत असे.

त्या परिच्छेदाचे भाषांतर मी त्याच्याबरोबर पुन्हा एकदा केले. इंग्रजीतल्या एका वाक्याची मराठीत दोन झाली : ‘१० डिसेंबर १९७१ रोजी समुद्रावर गेलेले अलिझे विमान आले नाही. ते आपण पाडल्याचे पाकिस्तानच्या हवाई दलाने सांगितले.’ ‘आपण’ कोणाकडे जातो ह्याविषयी आमचा थोडा वाद झाला. अर्धविराम घालून ही दोन वाक्ये एक करावीत का, ह्याविषयीही झाला. तो घालू नये असे त्याचे म्हणणे होते, आणि मला ते मान्य करावे लागले. गुणपत्रक तोवर परीक्षा विभागाकडे गेलेले होते.